गुलाबी फीत आणि तपासणीचा हिशेब

शाळेत वर्षातून एकदा डॉक्टर येतात, मुलांना रांगेत उभे करतात आणि भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरे वाचायला लावतात. बहुतेक मुले निरोगी असतात, कोणाची काही तक्रारही नसते. तरीही तपासणी होते, कारण तक्रार सुरू होण्याआधीच दोष लक्षात यावा अशी अपेक्षा असते. तक्रार नसलेल्या माणसांच्या अशा सरसकट तपासणीला ‘चाळणी तपासणी’ म्हणतात. चाळणीवर जे राहतील त्यांची पुढे अधिक बारकाईने तपासणी करायची, अशी ही पद्धत आहे.

कल्पना सोपी आहे, पण तिच्यापाठोपाठ तीन प्रश्न येतात. ही चाळणी कितपत चांगली आहे? ती लोकांपर्यंत कोण नेणार? आणि खर्च कोण करणार? पहिला प्रश्न विज्ञानाचा, दुसरा व्यवस्थेचा आणि तिसरा पैशांचा, म्हणजे पर्यायाने राजकारणाचा. व्यवहारात हे तिन्ही प्रश्न एकमेकांत असे गुंततात, की एकाचे उत्तर दुसऱ्याच्या नावाने दिले जाते. अमेरिकेत २०१२ सालच्या जानेवारीच्या अखेरीस स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीवरून जे वादळ उठले, ते याचे चांगले उदाहरण आहे. वादळ उण्यापुऱ्या चार दिवसांचे होते, पण त्याची मुळे शंभर वर्षे मागे जातात.

दोन संस्था

या वादातली पहिली संस्था म्हणजे ‘सुसान जी. कोमेन’. सुसान कोमेन ही तरुण स्त्री स्तनाच्या कर्करोगाने १९८० मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी वारली. तिची धाकटी बहीण नॅन्सी ब्रिंकर हिने १९८२ मध्ये तिच्या नावाने ही धर्मादाय संस्था काढली. त्या काळी अमेरिकेतही या रोगाचे नाव चारचौघांत घेतले जात नसे. ब्रिंकरबाईंनी तो उघड्यावर आणला. १९८३ मध्ये डॅलस शहरात त्यांनी निधीसाठी पहिली सार्वजनिक दौड भरवली. पुढे अशा दौडी शहरोशहरी होऊ लागल्या. १९९० नंतरच्या दशकात गुलाबी फीत ही या चळवळीची खूण बनली आणि दह्याच्या डब्यापासून मोटारीपर्यंत अनेक वस्तूंवर ती झळकू लागली. देणगीदारांना हे काम आवडे, याचे एक कारण असे की त्यात कोणत्याच पक्षाला हरकत घेण्यासारखे काही नव्हते.

दुसरी संस्था ‘प्लॅन्ड पॅरेंटहूड’. तिची गोष्ट १९१६ पासून सुरू होते. मार्गारेट सँगर या परिचारिकेने त्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात संततिनियमनाचा सल्ला देणारा दवाखाना उघडला. पोलिसांनी तो थोड्याच दिवसांत बंद केला आणि बाईंना तुरुंगात जावे लागले. त्यांनी पुढे उभ्या केलेल्या संघटनेने १९४२ मध्ये ‘प्लॅन्ड पॅरेंटहूड’ हे नाव घेतले.

मराठी वाचकाला ही हकिकत अगदीच परकी वाटू नये. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते. या कामापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. सँगरबाई १९३५ च्या अखेरीस भारतात आल्या आणि वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींना कृत्रिम साधने मान्य नव्हती, त्यामुळे त्या भेटीत दोघांचे जमले नाही. मात्र १९५२ मध्ये या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईतच भरली. तिच्यातून कुटुंबनियोजनाचा जागतिक महासंघ जन्माला आला आणि त्यात धनवंती रामा राव यांच्या बरोबरीने सँगरबाईंचा पुढाकार होता.

अमेरिकेत मात्र वादाचा विषय बदलला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये गर्भपात हा स्त्रीचा घटनात्मक हक्क ठरवला. प्लॅन्ड पॅरेंटहूडच्या दवाखान्यांत संततिनियमन, गुप्तरोगांची तपासणी, गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणी ही कामे होत, आणि काही दवाखान्यांत गर्भपातही होत. त्यामुळे गर्भपाताला विरोध असणाऱ्यांच्या दृष्टीने ही संस्था मुख्य लक्ष्य बनली. १९७६ मध्ये काँग्रेसने केंद्र सरकारचा पैसा गर्भपातासाठी वापरण्यावर, काही अपवाद ठेवून, बंदी घातली. तेव्हापासून विरोधकांचा मुद्दा पुढे सरकला. त्यांचे म्हणणे असे : पैशाला रंग नसतो. तुम्ही या संस्थेला स्तनाच्या तपासणीसाठी एक डॉलर दिलात, की तिचा स्वतःचा एक डॉलर गर्भपातासाठी मोकळा होतो. संस्थेचे उत्तर असे : प्रत्येक अनुदानाचा हिशेब वेगळा ठेवला जातो, आणि त्या डॉलरने ज्या बाईची तपासणी होते ती दुसरीकडे कुठे जाणार? दोन्ही बाजूंचे युक्तिवाद नीट ऐकून घेण्यासारखे आहेत. एक मुद्दा नीतीचा आहे आणि दुसरा गरजेचा, म्हणून एकाने दुसऱ्याचे खंडन होत नाही.

चार दिवस

कोमेन संस्था स्थानिक पातळीवर अनेक दवाखान्यांना अनुदाने देई. त्यांत प्लॅन्ड पॅरेंटहूडच्या सुमारे १९ शाखा होत्या. २०११ मध्ये ही रक्कम सुमारे ६ लाख ८० हजार डॉलर होती. प्लॅन्ड पॅरेंटहूडचा एकूण वार्षिक व्यवहार तेव्हा शंभर कोटी डॉलरच्या घरात होता, म्हणजे हे अनुदान त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी होते. तरीही त्यावरून कोमेनवर वर्षानुवर्षे दबाव येत राहिला. २०११ च्या डिसेंबरात एका ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेने कोमेनच्या मदतीसाठी काढलेली गुलाबी मुखपृष्ठाची बायबले याच कारणावरून दुकानांतून परत मागवली.

त्याआधी सप्टेंबरमध्ये फ्लॉरिडातून निवडून आलेले रिपब्लिकन प्रतिनिधी क्लिफ स्टर्न्स यांनी प्लॅन्ड पॅरेंटहूडच्या हिशेबांची चौकशी सुरू केली होती. मग कोमेनने नवा नियम केला : ज्या संस्थेची सरकारी चौकशी चालू आहे, तिला अनुदान नाही. नियमाची भाषा सर्वांना सारखी होती, पण त्यात अडकलेली ठळक संस्था एकच होती. ३१ जानेवारी २०१२ रोजी ही बातमी फुटली.

लगेच प्रश्न सुरू झाले. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचीही त्या वेळी केंद्रीय चौकशी चालू होती आणि त्याच्या कर्करोग केंद्राला कोमेनचे मोठे अनुदान होते. ते का थांबले नाही? कोमेनच्या सार्वजनिक धोरणाच्या उपाध्यक्ष कॅरन हँडल यांनी २०१० मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाची उमेदवारी लढवताना प्लॅन्ड पॅरेंटहूडचे पैसे बंद करण्याची भूमिका घेतली होती. मग हा नियम आरोग्याच्या विचारातून आला की राजकारणाच्या? ब्रिंकरबाईंनी राजकारणाचा आरोप नाकारला आणि वेगळे कारण पुढे केले : जिथे मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीचे, यंत्र आहे अशाच ठिकाणी थेट पैसे देणे आम्हाला अधिक फलदायी वाटते. या कारणाकडे पुढे परत येऊ.

जनमत अनपेक्षित वेगाने पेटले. तीन दिवसांत प्लॅन्ड पॅरेंटहूडकडे सुमारे ३० लाख डॉलर जमले. म्हणजे जे अनुदान गेले त्याच्या चौपटीहून जास्त. न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी त्यांत अडीच लाखांची भर घालण्याचे जाहीर केले. २६ सिनेटरांनी कोमेनला पत्र लिहिले. कोमेनच्याच काही स्थानिक शाखांनी उघड विरोध केला. ३ फेब्रुवारीला कोमेनने माफी मागितली आणि नियम बदलला : चौकशी फौजदारी स्वरूपाची आणि निर्णायक असेल तरच अनुदान थांबेल, राजकीय चौकशी धरली जाणार नाही. ७ फेब्रुवारीला हँडल यांनी राजीनामा दिला.

पण कोमेनचे नुकसान थांबले नाही. गर्भपातविरोधक माघारीमुळे रागावले, समर्थक मूळ निर्णयामुळे. त्या ऑगस्टमध्ये ब्रिंकरबाई मुख्य कार्यकारी पदावरून बाजूला होणार असल्याचे जाहीर झाले. पुढच्या वर्षी देणग्यांत मोठी घट झाली आणि २०१४ साठी १४ पैकी ७ शहरांतल्या तीन दिवसांच्या पदयात्रा रद्द कराव्या लागल्या. तीस वर्षे जी संस्था सर्वांची होती, ती चार दिवसांत कोणाचीच उरली नाही.

हात आणि यंत्र

आता विज्ञानाकडे वळू. वादात एक आकडा वारंवार आला. कोमेनच्या पैशांतून पाच वर्षांत प्लॅन्ड पॅरेंटहूडच्या दवाखान्यांत १ लाख ७० हजार स्त्रियांची हाताने स्तनतपासणी झाली, आणि ६,४०० जणींना मॅमोग्राफीसाठी दुसरीकडे पाठवण्यात आले. भागाकार केला तर साधारण २७ तपासण्यांमागे एकीला पुढे पाठवले, असे दिसते. विरोधक म्हणत, या दवाखान्यांत यंत्रच नाही, तर तिथे कर्करोग सापडणार कसा? ब्रिंकरबाईंच्या कारणाचा रोखही तोच होता.

पण चाळणी तपासणी म्हणजे एकटे यंत्र नव्हे. बाई दाराशी येते, प्रशिक्षित हात तिला तपासतो, शंका आली तर यंत्र, मग सुईने काढलेल्या नमुन्याची परीक्षा आणि शेवटी उपचार. या साखळीतली कोणतीही कडी तुटली की पुढच्या कड्या निरुपयोगी ठरतात. खासगी विमा नसलेल्या, गर्भनिरोधक गोळ्या घ्यायला आलेल्या बाईसाठी तो दवाखाना ही बऱ्याचदा साखळीतली पहिली कडी होती.

हाताच्या तपासणीची किंमत किती? मॅमोग्राफीचा पहिला मोठा प्रयोग न्यूयॉर्कमध्ये १९६३ मध्ये सुरू झाला. सुमारे ६२ हजार स्त्रियांचे दोन गट केले होते. तपासणी झालेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू दहा वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. हा आकडा मॅमोग्राफीच्या नावावर जमा झाला. पण त्या गटातल्या स्त्रियांची दरवर्षी क्ष-किरण तपासणी आणि हाताची तपासणी अशा दोन्ही तपासण्या होत होत्या. यशात कोणाचा वाटा किती, हे त्या प्रयोगातून वेगळे काढता येत नव्हते. कॅनडात १९८० मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात ८९,८३५ स्त्रिया होत्या. २५ वर्षांनंतर, २०१४ मध्ये, त्याचा निष्कर्ष असा आला की मॅमोग्राफी केलेल्या आणि न केलेल्या गटांतल्या मृत्यूंत फरक नाही. त्या प्रयोगातल्या यंत्रांच्या दर्जावर आणि गट पाडण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले, तर स्वीडनमधल्या प्रयोगांत मॅमोग्राफीचा फायदा दिसला. म्हणजे यंत्राची बाजूही वाटते तितकी सरळ नाही.

हाताच्या तपासणीचा सर्वांत मोठा पुरावा मात्र आपल्या मुंबईतून आला. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या २० वस्त्यांत एक प्रयोग सुरू केला. पैसे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे होते. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांपैकी साधारण निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी, खास शिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी, फक्त हाताने तपासणी केली. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात कर्करोग अधिक लवकरच्या टप्प्यात सापडले. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतली घट सुमारे १५ टक्के होती, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र घट जवळजवळ ३० टक्के होती आणि ती कसोटीला उतरली. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत असा फायदा दिसला नाही.

यावरून हात यंत्रापेक्षा श्रेष्ठ ठरतो असे नाही. जिथे मॅमोग्राफी सहज मिळते तिथे हाताच्या तपासणीने फारशी भर पडत नाही, म्हणून अमेरिकन कर्करोग सोसायटीने २०१५ मध्ये सर्वसाधारण धोका असलेल्या स्त्रियांसाठी तिची शिफारस थांबवली. पण जिथे यंत्रापर्यंत पोचणेच अवघड आहे, तिथे हात वाया जात नाही. आपल्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये तीस वर्षांपुढच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी हाताच्या स्तनतपासणीचे धोरण आखले, त्यामागे हाच विचार आहे. २०१२ च्या वादात मुंबईचे अंतिम आकडे कोणाच्याच हाती नव्हते. तरी ‘यंत्र नाही म्हणजे तपासणी नाही’ असे म्हणण्याइतका पुरावा तेव्हाही नव्हता.

ज्यासाठी कोणी रस्त्यावर आले नाही

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोमेनवर दुसरी एक टीका झाली. तिचा गाजावाजा झाला नाही, पण विज्ञानशिक्षकाने तिच्याकडे अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. संस्थेच्या २०११ च्या एका जाहिरातीत म्हटले होते की स्तनाचा कर्करोग लवकर सापडला तर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ९८ टक्के, नाही तर २३ टक्के. वाचणाऱ्या बाईला वाटावे, की मॅमोग्राफी करणे आणि न करणे यांत ७५ टक्क्यांचा फरक आहे. स्टीव्हन वोलोशिन आणि लिसा श्वार्ट्झ या दोन संशोधकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवून दिले, की ही तुलनाच चुकीची आहे.

का, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका बाईचा मृत्यू या रोगाने ६५ व्या वर्षी होणार आहे. गाठ जाणवून ६२ व्या वर्षी रोग कळला तर ती निदानानंतर ३ वर्षे जगली. तोच रोग यंत्राने ५८ व्या वर्षी पकडला, पण उपचाराने काहीच साधले नाही, तर ती निदानानंतर ७ वर्षे जगली. अशा शंभर जणी घ्या. पहिल्या रीतीत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण शून्य टक्के, दुसऱ्या रीतीत शंभर टक्के. आणि वाचलेल्या स्त्रिया? एकही नाही. घड्याळ लवकर सुरू केले, एवढेच झाले. शिवाय जे कर्करोग कधीच त्रास देणार नव्हते असेही काही यंत्रात सापडतात. त्या सगळ्या जणी ‘बऱ्या झालेल्यां’च्या यादीत जातात आणि टक्केवारी आणखी फुगते.

खरा प्रश्न असा विचारायला हवा : तपासणी करणाऱ्या आणि न करणाऱ्या सारख्याच गटांत मृत्यू किती? या दोघांनी दिलेले उत्तर असे : पन्नाशीतल्या स्त्रीचा पुढच्या दहा वर्षांत या रोगाने मृत्यू होण्याची शक्यता मॅमोग्राफीमुळे ०.५३ टक्क्यांवरून ०.४६ टक्क्यांवर येते. म्हणजे दहा हजार स्त्रियांत ५३ ऐवजी ४६ मृत्यू. सात जीव वाचतात आणि ते सात जीव मोलाचे आहेत. पण त्यांच्यासोबत बऱ्याच जणींच्या वाट्याला खोट्या शंका, नाहक चिंता आणि काहींच्या वाट्याला अनावश्यक उपचार येतात. हे सगळे समोर ठेवून निर्णय घेण्याचा हक्क त्या स्त्रीचा आहे, आणि ९८ विरुद्ध २३ हा हिशेब तो हक्क हिरावून घेतो.

फेब्रुवारीत लाखो लोकांनी कोमेनला जाब विचारला, तो योग्यच होता. गरीब बाईसाठी उघडे असलेले दार एका राजकीय चौकशीच्या आधाराने बंद होऊ नये, हे त्यांनी सांगितले. पण दोन्ही पक्ष तपासणीला सर्वगुणसंपन्न समजून भांडत होते. एक म्हणत होता, तुम्ही बायकांचे प्राण घेत आहात. दुसरा म्हणत होता, प्राण वाचवणारे यंत्र तुमच्याकडे नाहीच. ती तपासणी प्रत्यक्षात किती प्राण वाचवते, हे विचारायला कोणी थांबले नाही. दार उघडे राहायला हवे हे जितके खरे, तितकेच दारातून आत आलेल्या बाईला खरा आकडा मिळायला हवा हेही खरे आहे.

अमेरिकेतला मूळ झगडा पुढेही मिटला नाही. २०२२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा निर्णय रद्द केला. २०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या एका कायद्याने प्लॅन्ड पॅरेंटहूडला गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतून मिळणारे पैसे एका वर्षासाठी थांबवले, आणि ती रक्कम कोमेनच्या अनुदानाच्या कित्येक पटींनी मोठी होती.

वर्गासाठी

नववी-दहावीच्या वर्गात यातला ६२ आणि ५८ वर्षांचा हिशेब जरूर करून घ्यावा. फळ्यावर दहा काल्पनिक रुग्णांची निदानाची आणि मृत्यूची वये लिहा. आधी लक्षणांवरून निदान झाले असे धरून पाच वर्षे जगलेल्यांची टक्केवारी काढायला सांगा. मग प्रत्येकाचे निदानाचे वय चार वर्षांनी अलीकडे आणा, मृत्यूचे वय तेच ठेवा आणि पुन्हा टक्केवारी काढा. दोन आकड्यांतला फरक पाहून मुले आपण होऊन विचारतील, की मग वाचले कोण? त्यानंतर वर्तमानपत्रांतल्या आरोग्यविषयक जाहिराती आणायला सांगा आणि प्रत्येक टक्केवारीसमोर दोन प्रश्न लिहून घ्या : ही टक्केवारी कशाची? आणि तुलना कोणाशी?